बिल्ल्यावरची तारीख



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते आम्हांला इतिहास शिकवीत. सनावळी पाठ नसली तरी ते रागावत नसत; पण एखाद्या राजाने कायदा केला असे आम्ही म्हटले की लगेच विचारीत, "तो कायदा ज्याच्यावर चालला त्याचे पुढे काय झाले?" आज मी जो विषय निवडला आहे तो त्या प्रश्नाच्या धाकानेच निवडला आहे. गुन्हेगाराच्या, किंवा ज्याला सरकार गुन्हेगार समजते त्याच्या, अंगावर खूण बांधून तो कोठे आहे हे जाणण्याची जी पद्धत आज घोट्यावरच्या विद्युत् पट्ट्यापर्यंत येऊन पोहोचली आहे, तिचा हा इतिहास आहे. विषय परका वाटेल. परंतु त्याची पहिली ओळख मला, आणि येथे बसलेल्या पुष्कळांना, या गावातच झालेली आहे.

भरवेलीच्या मुलाला भोंगा आणि बिल्ला हे दोन शब्द अक्षरओळखीच्याही आधी कळत. आशिया खंडातील सर्वांत खोल भूमिगत मॅंगनीज खाण आपल्या पायाखाली आहे याचा अभिमान आम्हांला पुढे वाटू लागला. त्या वयात ठाऊक होते ते एवढेच, की वडील खाली जाताना बिल्ला घेऊन जातात आणि वर आल्यावर तो परत करतात. पाळी सुटल्यावर एखादा बिल्ला परत आला नाही तर हजेरीबाबू घरी जात नसे. 1952 च्या खाण कायद्याने हीच गोष्ट शब्दांत बांधली होती. भूमिगत कामगारांची नोंदवही अशी असली पाहिजे की कोणत्याही क्षणी खाली कोण कोण आहे ते तिच्यावरून कळावे. दरड कोसळली, पाणी शिरले, तर शोधायचे कोणाला हे वरच्या माणसाला ठाऊक हवे. "तू कोठे आहेस?" हा प्रश्न त्या बिल्ल्यातून विचारला जात होता, आणि विचारणाऱ्याच्या मनात संशय नव्हता, काळजी होती.

हाच प्रश्न संशयाने विचारला की काय होते, ते पाहण्यासाठी दोनशे वर्षांहून अधिक मागे जावे लागेल.

ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारने 1797 मध्ये बंगाल प्रांतात एक नियम केला. जन्मठेपेच्या कैद्याच्या कपाळावर त्याचे नाव, गुन्हा, शिक्षेची तारीख आणि न्यायालय गोंदवावे असा तो नियम होता. कैदी पळाला तर पाहणाऱ्याने ते वाचावे आणि त्याला धरून द्यावे. बैहरच्या बाजूला ज्यांचे जाणे-येणे आहे त्यांना येथे थोडे थांबावेसे वाटेल. बैगा स्त्रीच्या अंगावरील गोंदण हा तिचा दागिना असतो. सोन्याचांदीचे येथेच राहते, गोंदलेले तेवढे बरोबर येते अशी तिची श्रद्धा. देहाबरोबर अखेरपर्यंत राहण्याचा गोंदणाचा जो गुण तिला प्रिय, नेमका तोच कंपनीला हवा होता. 1849 मध्ये ही शिक्षा रद्द झाली. पण ज्यांच्या कपाळावर अक्षरे उमटली होती त्यांची अक्षरे काही रद्द झाली नाहीत. निर्दोष ठरला तरी पुसता येत नाही, शिक्षा माफ झाली तरी पुसता येत नाही, अशी ती खूण होती.

1858 मध्ये अंदमानात कैद्यांची वसाहत सुरू झाली तेव्हा कपाळाऐवजी गळा निवडण्यात आला. गळ्यात लोखंडी कडे आणि त्यात अडकविलेली लहानशी लाकडी पाटी. पाटीवर कैद्याचा क्रमांक, कलम, शिक्षा झाल्याची तारीख आणि सुटकेची तारीख. 'धोकादायक' समजलेल्याच्या पाटीवर इंग्रजी 'डी' हे अक्षर असे. मराठी वाचकाला हा बिल्ला विनायक दामोदर सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'मुळे परिचित आहे. दोन जन्मठेपी मिळून पन्नास वर्षे. म्हणून 1911 मध्ये अंदमानात गेलेल्या त्या तरुणाच्या बिल्ल्यावर सुटकेचे वर्ष होते 1960. त्या आकड्यातील क्रौर्य कोणालाही कळेल. तरीही कपाळावरील गोंदणाशी तुलना करता या पाटीत एक फरक दिसतो, आणि आजच्या विवेचनाचा धागा म्हणून तो मी धरून ठेवणार आहे. पाटीवर सुटकेची तारीख होती. आज ना उद्या ती पाटी उतरवायची आहे हे ती घालणाऱ्याने लेखी मान्य केलेले होते.

तारीख लिहिली म्हणजे ती पाळलीच जाते असे मात्र नाही. सावरकरांची 6 जानेवारी 1924 रोजी येरवड्याहून सुटका झाली ती अटींवर. रत्नागिरी जिल्ह्याबाहेर सरकारच्या परवानगीवाचून जायचे नाही आणि राजकारणात भाग घ्यायचा नाही. मुदत पाच वर्षांची. ती वेळोवेळी वाढत गेली आणि प्रत्यक्ष मोकळीक मिळाली ती मे 1937 मध्ये. त्यांच्या राजकारणाविषयी येथे मतभेद असतील, ते असू द्यावेत. प्रस्तुत मुद्दा इतकाच की पाचाची तेरा वर्षे झाली. भिंतीवाचूनच्या तुरुंगाची मुदत वाढविणे सोपे असते, कारण बाहेरून पाहणाऱ्याला तो माणूस मोकळाच दिसतो.

आता मी इतिहासाच्या ज्या भागाकडे वळतो तो आपल्या पाठ्यपुस्तकांत दोन ओळींत उरकलेला असे. 1871 मध्ये 'गुन्हेगार जमाती'चा कायदा झाला. आधी तो उत्तर हिंदुस्थानापुरता होता. 1911 च्या कायद्याने तो सर्व देशात लागू करण्याचा मार्ग खुला झाला आणि 1924 मध्ये त्याचे एकत्रीकरण झाले. आपल्या मराठी मुलखात फासेपारधी, कैकाडी, भामटे, मांग-गारुडी, छप्परबंद अशा जमाती त्याच्या कक्षेत आल्या. या कायद्याचे वैशिष्ट्य असे, की त्याला गुन्हा लागत नव्हता. जन्म पुरत होता. जमात एकदा जाहीर झाली की तिच्यातील माणसांची नोंदवही तयार होई, बोटांचे ठसे घेतले जात, राहते ठिकाण कळवावे लागे, ते सोडून जायचे तर परवाना लागे, आणि ठरवून दिलेल्या वेळी पोलिसांकडे जाऊन हजेरी द्यावी लागे. हजेरी चुकली की तोच गुन्हा. म्हणजे ज्याने पूर्वी काहीच केले नव्हते तोही या कायद्याच्या कृपेने एक दिवस खराखुरा गुन्हेगार ठरे.

सोलापूरला या लोकांसाठी काटेरी तारेच्या कुंपणाआड वसाहत उभारलेली होती. तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात. वसाहती चालविणाऱ्या अधिकाऱ्यांच्या लेखी हा सुधारणेचा प्रयोग होता. मुलांसाठी शाळा होत्या, दवाखाने होते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु रोजची हजेरी देणाऱ्या माणसाने "माझी हजेरी कधी संपेल?" असे विचारले असते तर नोंदवहीत त्याचे उत्तर नव्हते. अंदमानच्या पाटीवर 1960 तरी लिहिलेले होते. या नोंदवहीत सुटकेचा रकानाच नव्हता, आणि बापाचे नाव लिहिले की मुलाच्या नावाची जागा आपोआप तयार होई. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन 1987 मध्ये आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ते ज्यांनी वाचले आहे त्यांना ठाऊक आहे की कायदा गेल्यावरही ही हजेरी माणसाच्या आयुष्यात किती दूरपर्यंत वाजत राहते.

त्याच काळात आणि सोलापूरपासून फार लांब नसलेल्या माणदेशात नेमके उलटे काही घडले. औंध संस्थानाचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी, त्यांचे चिरंजीव अप्पा पंत आणि मॉरिस फ्रीडमन नावाचे एक पोलिश अभियंते, ज्यांना पुढे भारतानंद म्हणून ओळखले गेले, यांनी 1939 मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत वसविली. येथे खुनाच्या आरोपात शिक्षा झालेली माणसेही होती. भिंत नाही, कुंपण नाही, गळ्यात पाटी नाही. कुटुंबासह राहावे, शेती करावी, पिकवलेले बाजारात नेऊन विकावे. गदिमा त्याच माणदेशाचे. त्यांच्या कथेवरून व्ही. शांताराम यांनी 1957 मध्ये 'दो आँखें बारह हाथ' काढला. चित्रपट सर्वांनी पाहिला, स्वतंत्रपूर फार थोड्यांनी. संस्थान गेले, वसाहत राहिली. पुढे ती महाराष्ट्राच्या कारागृह विभागाकडे आली. मला या प्रयोगाचा भाबडा गौरव करायचा नाही. तेथे निवडून नेमके कैदी पाठविले जात, आणि औंधसारख्या लहान संस्थानात राजाला कैदी नावाने ठाऊक असणे शक्य होते. पण एकाच दशकात, एकाच भाषेच्या मुलखात, गुन्हा न केलेल्यांभोवती तार होती आणि गुन्हा केलेल्यांभोवती नव्हती, ही वस्तुस्थिती इतिहासाच्या विद्यार्थ्याने नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

31 ऑगस्ट 1952 रोजी गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. विमुक्त जमाती तो दिवस आजही पाळतात. त्याची जागा सराईत गुन्हेगारांविषयीच्या निरनिराळ्या राज्यांच्या कायद्यांनी घेतली. नाव बदलले, पुष्कळ ठिकाणी वही तीच राहिली. 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंग नियमावल्यांतील जातीवर आधारलेले नियम घटनाबाह्य ठरविले, तेव्हा या जमातींना जन्मतः गुन्हेगार मानणारी वाक्ये त्या नियमावल्यांत अद्याप शाबूत होती.

यापुढची गोष्ट आपल्या घरची आहे. 1956 पर्यंत बालाघाट जिल्ह्याची राजधानी नागपूर होती, हे नव्या पिढीला सांगावे लागते. नागपूरच्या विधिमंडळाने 1946 मध्ये 'मध्य प्रांत व वऱ्हाड गुंडा कायदा' केला. जिल्हाधिकाऱ्याने एखाद्याला गुंड मानले तर त्याच्या वावरण्यावर बंधने घालावीत, प्रसंगी त्याला जिल्ह्याबाहेर घालवावे, अशी सोय त्यात होती. राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, आपण इकडे राहिलो आणि हा कायदा आपल्याबरोबर राहिला. छिंदवाड्याच्या एका नागरिकाने त्याला आव्हान दिले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि 1960 मध्ये न्यायमूर्ती प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर यांनी निकाल लिहिला. साताऱ्याच्या विद्वान घराण्यातील हे न्यायमूर्ती पुढे सरन्यायाधीश झाले. त्यांनी विचारलेला प्रश्न अगदी साधा होता. गुंड म्हणजे कोण, हे कायद्यात धड सांगितलेलेच नाही. आणि समोरचा माणूस गुंड आहे की नाही हे ठरविण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकण्याची सक्तीही नाही. मग निरपराध माणूस यातून सुटणार कसा? तरतूद घटनाबाह्य ठरली.

कायदा पडला, गरज मात्र शासनाला वाटतच राहिली. गोंदियात ज्याला तडीपार म्हणतात त्याला इकडे जिलाबदर म्हणतात. मध्य प्रदेशात त्यासाठी 1990 चा राज्य सुरक्षा कायदा आहे. शिवाय पोलीस ठाण्यातील निगराणीची वही होतीच. मध्य प्रदेश पोलीस नियमांतील 855 आणि 856 क्रमांकांच्या नियमांनुसार अशा माणसाच्या घरी रात्री-अपरात्री जाऊन तो आहे की नाही ते पाहता येत असे. त्याविरुद्ध गोविंद नावाच्या एका गृहस्थाने केलेली तक्रार 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात काढली. नियम टिकले, पण ते घटनेच्या सीमारेषेला अगदी भिडलेले आहेत, तेव्हा खरोखर धोकादायक माणसापुरतेच ते वापरावेत, अशी ताकीद देऊन टिकले. खाजगी जीवन हा माणसाचा हक्क असू शकतो, हा विचार आपल्या न्यायशास्त्रात ज्या मोजक्या निकालांतून रुजला त्यांत हा मध्य प्रदेशचा निकाल गणला जातो. 2017 मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने तो हक्क निःसंदिग्धपणे मान्य केला.

एवढी पार्श्वभूमी लक्षात घेतल्यावर पट्ट्याकडे येऊ.

1960 च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठातील राल्फ श्वित्झगेबेल आणि त्यांचे जुळे भाऊ रॉबर्ट यांनी अंगावर बाळगायचे एक रेडिओयंत्र तयार केले. बोस्टनच्या परिसरातील वाट चुकलेल्या तरुणांवर त्याचा प्रयोग झाला. हेतू असा, की मुलगा वेळेवर कामावर पोहोचला, ठरल्या जागी आला, तर त्याला शाबासकीचा संदेश जावा. यंत्र दटावण्यासाठी नव्हते, पाठीवर हात ठेवण्यासाठी होते. लष्करी सामानातून जमविलेल्या अवजड यंत्राचे पुढे काही झाले नाही. मग न्यू मेक्सिको राज्यातील जॅक लव्ह या न्यायाधीशांना वर्तमानपत्रातील स्पायडर-मॅनच्या चित्रकथेवरून कल्पना सुचली. त्या कथेत खलपुरुष नायकाच्या मनगटाला माग काढणारे कडे अडकवितो. 1983 मध्ये लव्ह यांनी एका यंत्रतज्ज्ञाकडून घोट्यावर बांधायचे उपकरण करवून घेतले. घरच्या दूरध्वनीला जोडलेल्या पेटीपासून सुमारे दीडशे फुटांच्या पलीकडे माणूस गेला की संगणकाला कळे. मनोविकासासाठी जन्मलेले यंत्र चित्रकथेतील खलनायकाच्या वाटेने न्यायालयात शिरले, हा इतिहासाचा विनोदच म्हणायचा. रॉबर्ट यांनी उतारवयातही लेख लिहून आपला मूळ हेतू शाबासकीचा होता हे सांगितले.

आजचा पट्टा उपग्रहांकडून आपले ठिकाण समजून घेतो आणि मोबाईलच्या जाळ्यातून ते नियंत्रण कक्षाला कळवितो. तो माणसाला अडवीत नाही, फक्त सांगतो. कापला तर सांगतो, विद्युत् घट उतरला तरी सांगतो. म्हणून रोज काही वेळ स्वतःला भिंतीवरच्या विजेला जोडून बसावे लागते. आपल्या देशात नोव्हेंबर 2023 मध्ये जम्मूच्या विशेष न्यायालयाच्या आदेशावरून दहशतवादविषयक कायद्याखालील एका जामीनप्राप्त आरोपीच्या पायात तो बांधला गेला. देशातील हा पहिलाच प्रसंग म्हणून वृत्तपत्रांनी नोंदविला. त्याच वर्षी केंद्राने राज्यांना पाठविलेल्या आदर्श कारागृह कायद्यात, पट्टा बांधून घेण्यास तयार असलेल्या कैद्याला रजेवर सोडण्याची तरतूद आली. 8 जुलै 2024 रोजी न्यायमूर्ती अभय ओक आणि न्यायमूर्ती उज्जल भुयान यांच्यापुढे एक वेगळे प्रकरण आले. दिल्ली उच्च न्यायालयाने जामीन देताना आरोपीने गूगलच्या नकाशावर आपले ठिकाण तपास अधिकाऱ्याला सतत दिसेल असे ठेवावे, अशी अट घातली होती. आरोपीच्या प्रत्येक हालचालीवर पोलिसांना अखंड नजर ठेवता येईल अशी जामिनाची अट घटनेच्या एकविसाव्या कलमाचा भंग करते, असा निर्णय त्यांनी दिला.

मग पट्टा वाईट म्हणावा काय? मी तसे म्हणणार नाही. 2022 अखेर देशातील तुरुंगांत 5,73,220 बंदी होते आणि त्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा गुन्हा अद्याप सिद्ध झालेला नाही असे. जामीन मिळूनही जामीनदार मिळत नाही म्हणून आत बसलेल्या मजुराला कोणी घोट्यावरचा पट्टा आणि घरचे अंगण देऊ केले, तर त्याने तत्त्वाचा विचार करीत कोठडीतच राहावे असे सांगण्याचा अधिकार मला नाही. माझी शंका तारखेविषयी आहे. रजेवरील कैद्याची रजा संपते, पट्टा निघतो. जामिनावरील माणसाचा पट्टा खटला संपला की निघणार, आणि खटला कधी संपणार हे आपल्याकडे न्यायाधीशही सांगू शकत नाहीत. ही स्थिती अंदमानच्या पाटीपेक्षा सोलापूरच्या वहीला अधिक जवळची आहे. 'तयार असलेल्या' हा शब्दही मला नीट वाचवत नाही. दुसरीकडे कोठडी असताना नकार देणार कोण?

आणखी एक अडचण कागदावर दिसत नाही, पण भरवेलीच्या माणसाला चटकन दिसेल. उपग्रहाचा संकेत जमिनीखाली पोहोचत नाही. पायात पट्टा असलेला माणूस उद्या आपल्या खाणीत कामाला लागला आणि पिंजऱ्यातून खाली उतरला, की काही क्षणांतच तो नियंत्रण कक्षाच्या पडद्यावरून नाहीसा होईल. तिकडे गजर होईल, बाँबे हाय कोर्ट असो की बालाघाटचे सत्र न्यायालय, त्याच्या जामिनावर प्रश्नचिन्ह लागेल. म्हणजे पिढीजात धंदा त्याला बंद. इकडे खाणीच्या तोंडाशी मात्र त्याचा बिल्ला खिळ्यावरून उतरलेला असेल, आणि पाळी सुटेपर्यंत तो खाली आहे, सुखरूप वर यायचा आहे, हे हजेरीबाबूला ठाऊक असेल.